न्यूरॉलॉजीतून इंटरव्हेन्शनल पेनकडे: अमेरिकेतल्या रेसिडेंटसाठी वाटेचा नकाशा

अमेरिकेत न्यूरॉलॉजीची रेसिडेन्सी करणारी आपली मुलंमुली, कुणी केईएमची, कुणी बी. जे.ची, कुणी नागपूर-मिरजेची, दुसऱ्या वर्षाच्या सुमारास एक प्रश्न हमखास विचारतात: न्यूरॉलॉजी करून इंटरव्हेन्शनल पेन (इंजेक्शनं, उपकरणं यांनी दुखण्यावर उपचार) करता येतं का? ती तर अ‍ॅनेस्थेशियावाल्यांची शाखा ना?

करता येतं, आणि हक्कानं करता येतं. अमेरिकन बोर्ड ऑफ अ‍ॅनेस्थेशिऑलॉजीनं या उपशाखेची परीक्षा १९९३ मध्ये सुरू केली. २००० पासून अमेरिकन बोर्ड ऑफ सायकिअ‍ॅट्री अँड न्यूरॉलॉजीही पेन मेडिसिनचं प्रमाणपत्र देतं. परीक्षा एकच, पेपरही तोच. फेलोशिप (रेसिडेन्सीनंतरचं खास प्रशिक्षण) बारा महिन्यांची, एसीजीएमई (प्रशिक्षणाला मान्यता देणारी संस्था) मान्यतेची. म्हणजे इंटर्न वर्ष धरून न्यूरॉलॉजीची चार वर्षं आणि वर एक. कागदोपत्री वाट सरळ आहे. अडचण असते ती वेळापत्रकाची, हाताच्या सवयीची आणि शेवटी नोकरीची. या तिन्हींबद्दल मला जे माहीत आहे, ते इथं क्रमानं मांडतो.

एक मत आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा सल्ला त्यावर उभा आहे. पेन करायचं तर न्यूरॉलॉजी सोबत घेऊन करा. या शाखेत सुई चालवणारे कुशल हात भरपूर आहेत. सुई कुठं चालवायची नाही हे तपासणीवरून सांगू शकणारे कमी आहेत, आणि तुमची चार वर्षं नेमकी तेच शिकण्यात गेलेली असतात.

आधी त्यांचा आठवडा बघा

बहुतेकांना पेन म्हटलं की प्रोसीजरचा दिवस डोळ्यासमोर येतो. पेशंट पालथा, वर सी-आर्म (एक्स-रेचं फिरतं यंत्र), अंगावर लेड अ‍ॅप्रन, एकामागून एक केस. तो दिवस खराच छान असतो. पण आठवड्यातले दोन-तीन दिवस ओपीडीचे असतात आणि शाखेचा खरा कस तिथं लागतो. दोन शस्त्रक्रिया होऊनही कंबर दुखणारा ट्रकचालक, कामावर परत जायची भीती बसलेली बाई, वर्षानुवर्षं ओपिऑइडवर (अफूवर्गीय वेदनाशामकांवर) असलेला आणि नवा डॉक्टर गोळ्या बंद करील या धास्तीनं आलेला माणूस. इन्शुरन्सची मंजुरी, अपंगत्वाचे फॉर्म, झोप उडालेली, मन खचलेलं. दुखणं शून्यावर क्वचितच येतं. दहाच्या मापावर ते आठावरून पाचावर आलं, माणूस नातवाला उचलून घेऊ लागला, की आपण यशस्वी झालो असं मानायचं असतं.

म्हणून पहिली पायरी: ओळखीच्या पेन डॉक्टरला विचारून एक आठवडा त्यांच्या ओपीडीत बसा. प्रोसीजर रूममध्ये जायची घाई करू नका. आठवड्याच्या शेवटी त्या पेशंटांचा कंटाळा आला नसेल, तर पुढं वाचा. तुमचा जीव दुर्मिळ निदानांत, वॉर्डातल्या गूढ केसेसमध्ये रमत असेल, तर या शाखेत तुमची उपासमार होईल. ते आत्ताच कळलेलं बरं.

रेसिडेन्सीची वर्षं

इंटर्न वर्षात मेडिसिन नीट शिका, दुसरं काही नको. मधुमेह, मूत्रपिंडाच्या कार्यानुसार गॅबापेंटिनचे डोस, रक्त पातळ करणारी औषधं, हे सगळं पुढं रोज लागतं. स्टेप ३ (परवाना परीक्षेचा शेवटचा टप्पा) याच वर्षात किंवा त्याला लागून उरकून टाका. एच-१बी व्हिसाचा विचार असेल तर ती लागतेच.

न्यूरॉलॉजीचं पहिलं वर्ष स्ट्रोक कॉलमध्ये जातं. त्यातही दोन गोष्टी जमवा. लंबार पंक्चर (एलपी, कंबरेतून सुई घालून पाठीच्या पाण्याचा नमुना काढणं) दुसऱ्यावर ढकलू नका. जाड माणसाची, कणा वाकलेल्या आजीबाईंची एलपी मिळेल तेव्हा करा. सुई ऊतकांतून जाताना बोटांना काय जाणवतं, हे त्यातूनच कळतं आणि एपिड्युरल (मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर दिलेलं इंजेक्शन) शिकताना ते कामी येतं. दुसरी गोष्ट म्हणजे हेडेक क्लिनिक. क्रॉनिक मायग्रेनसाठी बोटॉक्सला अमेरिकेच्या एफडीएनं २०१० मध्ये मान्यता दिली: १५५ युनिट, ३१ ठिकाणी, दर बारा आठवड्यांनी. हे काम रेसिडेंटला लवकर हातात मिळतं.

त्याच क्लिनिकमध्ये ग्रेटर ऑक्सिपिटल नर्व्ह ब्लॉक (डोक्याच्या मागची नस बधिर करणारं इंजेक्शन) शिका. पेशंटला खुर्चीत बसवा, कपाळ हातांवर टेकवायला सांगा. डोक्याच्या मागचा मधला उंचवटा आणि कानामागचं मॅस्टॉइड यांच्यामध्ये मनात रेघ ओढा. मधल्या उंचवट्यापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर बोट दाबलं, की पुष्कळदा ऑक्सिपिटल धमनीचा ठोका लागतो. नस त्या ठोक्याच्या आतल्या बाजूला. दाबल्यावर पेशंट म्हणतो, "हं, हाच ठणका डोळ्यापर्यंत जातो." सुई हाडाला टेकू द्या, किंचित मागं घ्या, सिरिंज ओढून रक्त येत नाही ना ते पाहा, आणि पंख्यासारखं पसरत औषध सोडा. काही मिनिटांत टाळू बधिर होते. क्लस्टर हेडेकमध्ये याच भागातल्या स्टेरॉइड इंजेक्शनला अमेरिकन हेडेक सोसायटीच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सर्वांत वरचा दर्जा दिला आहे. छोटी प्रोसीजर, पण खुणा शोधणं, अ‍ॅस्पिरेट करणं, नंतर पेशंटकडे लक्ष ठेवणं या सगळ्या सवयी तिच्यातून लागतात.

न्यूरॉलॉजीचं दुसरं वर्ष, म्हणजे एकूण तिसरं, निर्णायक. पेन फेलोशिपचे अर्ज साधारण याच वर्षाच्या हिवाळ्यात जातात आणि मॅचचा (जागावाटपाचा) निकाल शेवटच्या वर्षीच्या शरदात लागतो. तारखा दरवर्षी थोड्या पुढं-मागं होतात, म्हणून इआरएएस (अर्जांची यंत्रणा) आणि एनआरएमपी (मॅच चालवणारी संस्था) यांची त्या वर्षीची वेळापत्रकं स्वतः बघा. त्याचा सरळ अर्थ असा की पेनचं इलेक्टिव्ह (स्वतः निवडलेलं रोटेशन) या वर्षाच्या पहिल्या सहामाहीतच व्हायला हवं. आपल्याकडची मुलं इथंच चुकतात. चीफ रेसिडेंट जे देईल ते रोटेशन घेतात, पेनचं इलेक्टिव्ह शेवटच्या वर्षी येतं, तोवर खिडकी बंद झालेली असते. मग एक वर्ष थांबायचं किंवा नाद सोडायचा. म्हणून एकूण दुसऱ्या वर्षाच्या अखेरीसच प्रोग्रॅम डायरेक्टरशी बोलून ठेवा, लाजू नका.

याच वर्षी ईएमजी (नसा-स्नायूंची विद्युत तपासणी) मन लावून शिका आणि मणक्याचे एमआरआय न्यूरोरेडिओलॉजिस्टच्या शेजारी बसून वाचा. रिपोर्ट वाचून इंजेक्शन देणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. तुम्ही फिल्म वाचणारे व्हा.

हेडेक की पेन?

दोन्ही फेलोशिप एकेक वर्षाच्या, पण दरवाजे वेगळे उघडतात. हेडेक मेडिसिनचं प्रमाणपत्र यूसीएनएस ही न्यूरॉलॉजीच्या उपशाखांची संस्था देते. बोटॉक्स, चेहऱ्याचे आणि डोक्याचे नर्व्ह ब्लॉक, मायग्रेनची नवी सीजीआरपी औषधं हे सगळं त्यात येतं. मणक्याची इंजेक्शनं, रेडिओफ्रिक्वेन्सी (उष्णतेनं नस निष्क्रिय करणं), स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर (मज्जारज्जूला विद्युत लहरी देणारं उपकरण), पंप (मज्जारज्जूभोवती औषध सोडणारा) यांतलं काही करायचं असेल तर पेनचीच फेलोशिप हवी. रुग्णालयं त्याशिवाय प्रिव्हिलेज (त्या प्रोसीजर करायची परवानगी) द्यायला तयार होत नाहीत. वीकेंड कोर्सवर स्टिम्युलेटर बसवायला जाऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. दोन्ही फेलोशिप करण्यात अर्थ आहे तो एखाद्या विद्यापीठात चेहऱ्याच्या दुखण्याचं खास क्लिनिक उभारायचं असेल तरच.

अर्ज आणि मुलाखत

शिफारसपत्रांपैकी एक तरी अशा पेन डॉक्टरचं हवं, ज्यानं तुम्हाला सुई धरलेलं पाहिलं आहे. बाकी कितीही मोठ्या न्यूरॉलॉजिस्टचं पत्र ती उणीव भरून काढत नाही, कारण मुलाखत घेणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न तोच असतो: याचा हात बसेल का? बहुतेक प्रोग्रॅम अ‍ॅनेस्थेशिया विभाग चालवतात. त्यांचे अर्जदार ऑपरेशन थिएटरमधून येतात, तुम्ही रिफ्लेक्स हॅमर घेऊन येता. म्हणून एलपी, बोटॉक्स, नर्व्ह ब्लॉक, ईएमजी यांची नोंदवही ठेवा आणि मुलाखतीत नेमके आकडे सांगा.

दुसरा प्रश्न असतो, न्यूरॉलॉजी सोडणार का? इथं पुष्कळ जण "हो, पूर्ण वेळ पेनच करणार" असं सांगून बसतात, समोरच्याला ते आवडेल असं वाटून. मला हे उत्तर दुबळं वाटतं. न्यूरोपथी (नसांचा विकार), सीआरपीएस (इजेनंतर हातापायात टिकून राहणारं तीव्र दुखणं), चेहऱ्याचं दुखणं, स्ट्रोकनंतरचं दुखणं, स्पॅस्टिसिटी (स्नायूंचा ताठरपणा), हे रुग्ण त्यांच्या विभागात आत्ता कोण बघतं, ते विचारा आणि त्यात तुम्ही काय भर घालाल ते सांगा.

तुम्हीही विचारा. यापूर्वी न्यूरॉलॉजीतून कुणाला घेतलंय का? फेलो स्वतःच्या हातानं किती स्टिम्युलेटर ट्रायल करतो, की रिट्रॅक्टर धरून उभा असतो? इंट्राथेकल पंप भरायला मिळतात का? न्यूरॉलॉजीच्या फेलोला एअरवे आणि सेडेशन कोण शिकवतं? अलीकडच्या वर्षांत भूलतज्ज्ञांना थिएटरमध्येच चांगले पगार मिळू लागल्यानं त्यांचे पेनसाठीचे अर्ज घटले आहेत, त्यामुळं पीएमआर (पुनर्वसन वैद्यक) आणि न्यूरॉलॉजीवाल्यांना पूर्वीपेक्षा जास्त जागा मोकळी आहे. या संधीचा फायदा घ्या, पण जागा रिकामी आहे म्हणून कुठलाही प्रोग्रॅम पत्करू नका.

फेलोशिपचे पहिले तीन महिने

हे जड जातात. सहकारी फेलो आयव्ही, इंट्युबेशन, एपिड्युरल डोळे मिटून करत असतो आणि तुम्हाला सी-आर्म कुठल्या कोनात फिरवायचा तेच सुचत नाही. नियमांनुसार अ‍ॅनेस्थेशियाबाहेरून येणाऱ्यांना एअरवे, आयव्ही आणि सेडेशन शिकवलं जातं. ते औपचारिकता म्हणून उरकू नका. स्थानिक भुलीचं औषध रक्तात गेलं आणि पेशंटला झटके येऊन हृदय डगमगलं, तर खोलीतले डॉक्टर तुम्हीच असता. त्यावरचा उतारा, लिपिड इमल्शन, कुठल्या कपाटात आहे, हे पहिल्या दिवशी बघून ठेवा.

फ्लुरोस्कोपीचं (चालू एक्स-रे चित्राचं) म्हणाल तर, कणा आणि फोटो यांची सांगड घालायला वेळ लागतो. प्लास्टिकचा कणा घरी आणा आणि तिरक्या कोनातून पेडिकल, फॅसेट, ट्रान्सव्हर्स प्रोसेस हे मणक्याचे भाग ओळखायचा सराव करा. स्वतःचा हात किरणांच्या झोतात घालायचा नाही, फोटो मोजके घ्यायचे, डोसिमीटर (किरणांचा डोस मोजणारा) खिशात विसरायचा नाही. अमेरिकेत या कामासाठी संपूर्ण शरीराची वार्षिक मर्यादा ५० मिलीसिव्हर्ट आहे. नीट काम करणारा माणूस तिच्या आसपासही जात नाही.

आता एक प्रोसीजर जरा जवळून. कंबरेचं ट्रान्सफोरामिनल इंजेक्शन, म्हणजे नस मणक्यांतून बाहेर पडते त्या छिद्रातून (फोरामेन) दिलेलं. सुई पेडिकलच्या खाली, फोरामेनच्या वरच्या भागात आली आहे, आडव्या फोटोत खोली बरोबर दिसते आहे. सिरिंज ओढली, रक्त नाही. इथं औषध द्यायचं नाही. लाइव्ह फ्लुरोस्कोपीखाली थोडं कॉन्ट्रास्ट (एक्स-रेत दिसणारं द्रव्य) सोडायचं आणि बघायचं. योग्य जागी असेल तर कॉन्ट्रास्ट नर्व्ह रूटच्या (नसेच्या मुळाच्या) कडेनं सरकतं, पेडिकलला वळसा घालून एपिड्युरल जागेत शिरतं आणि तिथंच राहतं. पण कधी ते बारीक रेघेसारखं चमकून क्षणात नाहीसं होतं. ती रक्तवाहिनी. थांबलेल्या फोटोत हे दिसत नाही, चालू चित्रातच दिसतं. मज्जारज्जूच्या खालच्या भागाला रक्त पुरवणारी अ‍ॅडमकिविक्झची धमनी बहुधा डाव्या बाजूनं, छातीच्या शेवटच्या आणि कंबरेच्या पहिल्या मणक्यांच्या पट्ट्यात शिरते. कणांचं (न विरघळणाऱ्या कणांचं) स्टेरॉइड अशा धमनीत गेलं तर मज्जारज्जूचा स्ट्रोक होतो, आणि पेशंट टेबलावरून उठतो तो पाय गमावून.

एफडीएनं एप्रिल २०१४ मध्ये एपिड्युरल स्टेरॉइडबद्दल याच कारणासाठी इशारा दिला. पुढच्याच वर्षी तज्ज्ञांच्या सुरक्षा शिफारशी प्रसिद्ध झाल्या: मानेच्या ट्रान्सफोरामिनलमध्ये कणांचं स्टेरॉइड वापरायचं नाही, कंबरेत सुरुवात कण नसलेल्या डेक्सामेथासोननं करायची, मानेचं इंटरलॅमिनर (मागून, दोन मणक्यांच्या मधून दिलेलं) सी-७ टी-१ पातळीला द्यायचं आणि सी-६ सी-७ च्या वर जायचं नाही. हे पाठ करा. मज्जारज्जूचा स्ट्रोक म्हणजे काय, हे वॉर्डात पाहिलेला माणूस या खोलीत तुम्हीच असणार, म्हणून हे तुम्ही दुसऱ्यांपेक्षा जास्त जपा.

२०१२ ची घटनाही माहीत हवी. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटरच्या दूषित मेथिलप्रेडनिसोलोनमुळं २० राज्यांत ७५३ जणांना बुरशीचे संसर्ग झाले, ६४ दगावले. बहुतेक इंजेक्शनं पाठीत दिली होती. रुग्ण आले ते डोकेदुखी, ताप घेऊन, आणि काही थेट मेंदूच्या मागच्या भागातला स्ट्रोक घेऊन. एपिड्युरलनंतर आठ-पंधरा दिवसांनी डोकं दुखतंय म्हणून फोन आला, तर तो पंक्चरनंतरचा साधा डोकेदुखीचा त्रास समजून फोनवर उरकायचा नसतो. माणसाला बोलावून मान तपासायची.

तपासणी आधी

पेनच्या ओपीडीत पेशंट निदान घेऊनच येतो: "एल-५ रॅडिक्युलोपथी, कृपया इंजेक्शन द्यावं." म्हणजे कंबरेतल्या पाचव्या नसेचं मूळ दुखावलं आहे. एमआरआयमध्ये एल-४ एल-५ ची डिस्क फुगलेली असतेच, पन्नाशीनंतर ती कुणाची नसते? पाऊल उचलत नाही, पायाच्या वरच्या बाजूला मुंग्या येतात. सगळं जुळतं.

पेशंटला पाऊल आतल्या बाजूला वळवायला सांगा आणि तुम्ही विरोध करा. ते जोरात वळलं, तर विचार बदला. तो स्नायू, टिबिअ‍ॅलिस पोस्टेरिअर, एल-५ मधूनच चालतो, पण टिबिअल नर्व्हमधून. मांडी बाहेर उचलायची ताकदही शाबूत असेल, तर दोष नर्व्ह रूटमध्ये नाही, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, फिब्युलाच्या डोक्याशी आहे. तिथं टिचकी मारा. मग विचारा, हल्ली वजन किती उतरलं, मांडीवर मांडी टाकून बसायची सवय आहे का, प्लास्टर होतं का. अशा माणसाला कितीही सुरेख ट्रान्सफोरामिनल दिलं तरी पाऊल उचलणार नाही. ईएमजीनं खात्री करा, पण तिचीही वेळ असते. हातापायांच्या स्नायूंत फिब्रिलेशन (नस दुखावल्याची विद्युत खूण) दिसायला दोन-तीन आठवडे जातात. आणि नसेच्या मुळाच्या दुखण्यात सेन्सरी पोटेन्शियल (संवेदना नेणाऱ्या नसेचे विद्युत संकेत) शाबूत राहतात, कारण इजा डॉर्सल रूट गँग्लिऑनच्या (संवेदी पेशींच्या गाठीच्या) अलीकडे, कण्याच्या बाजूला असते. ते पोटेन्शियल पडले असतील तर मुळाच्या पुढे कुठंतरी शोधायला हवं.

मानेच्या दुखण्यात धोका जास्त. मान दुखते, बोटं बधिर होतात, शर्टाची बटणं लावता येत नाहीत असं कुणी म्हणालं, की सुईचा विचार बाजूला ठेवून रिफ्लेक्स बघा, हॉफमन (बोटाला टिचकी मारून बघायची खूण) बघा, एका रेषेत चालायला लावा. कॉर्ड (मज्जारज्जू) दबलेला असेल तर त्या माणसाला सर्जनची गरज आहे, आणि अरुंद झालेल्या कॅनालमध्ये सुई घालणं घातक आहे. खांदा अचानक रात्री भयंकर दुखला, दुखणं ओसरलं आणि मग दंड बारीक होऊ लागला, तर खांद्याच्या नसांना सूज आणणाऱ्या न्यूरॅल्जिक अ‍ॅमायोट्रोफीचा विचार करा. चाळिशीच्या आतल्या माणसाला ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया (चेहऱ्यात वीज चमकल्यासारखं दुखणं), त्यातही दोन्ही बाजूंना, असेल तर रेडिओफ्रिक्वेन्सीआधी एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) शोधा.

या तपासणीला पाच मिनिटं लागतात. त्यामुळं दिवसाला एखादं इंजेक्शन रद्द होतं आणि विभागाचं उत्पन्न तेवढं घटतं. ते घटू द्या.

दुसरीकडे, ज्यांना सुई खरंच हवी त्यांच्यासाठी ती न्यूरॉलॉजीत फार उशिरा येते. मधुमेही न्यूरोपथीचा पेशंट तीन औषधं बदलून थकतो, तळपायांची आग रात्रभर झोपू देत नाही. अशांसाठी १० किलोहर्ट्झच्या स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेशनला एफडीएनं जुलै २०२१ मध्ये मान्यता दिली. पायाच्या सीआरपीएससाठी डॉर्सल रूट गँग्लिऑनचं स्टिम्युलेशन २०१६ पासून उपलब्ध आहे. सीआरपीएसचं निदान बुडापेस्ट निकषांवर करायचं, नुसत्या सुजलेल्या पायावर नाही. स्पॅस्टिसिटीसाठी बॅक्लोफेनचा पंप तर न्यूरॉलॉजिस्टच्या हातातच शोभतो. पंप रिकामा झाला किंवा नळी निसटली की आधी खाज, मग ताठरपणा, ताप, आणि वेळीच ओळखलं नाही तर मृत्यू. आपत्कालीन विभागाला ते सेप्सिस वाटतं. ज्यानं पंप बसवला त्याचा फोन रात्री लागला पाहिजे.

रक्त पातळ करणारी औषधं

इथं तुमचं दोन्ही शाखांचं शिक्षण एकाच पेशंटवर पणाला लागतं. एएसआरए या भूल आणि वेदनातज्ज्ञांच्या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांत (दुसरी आवृत्ती, २०१८) प्रोसीजरचे धोक्यानुसार तीन गट आहेत: साधे पेरिफेरल ब्लॉक कमी धोक्याचे, एपिड्युरल मध्यम, स्टिम्युलेटर आणि पंप जास्त. त्याप्रमाणं क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, अपिक्साबान किती दिवस आधी थांबवायचं, हे तक्त्यात मिळतं. तक्त्यात जे मिळत नाही ते असं: या माणसाला दोन महिन्यांपूर्वी स्ट्रोक झाला आहे, कॅरॉटिडमध्ये स्टेंट आहे, आणि इंजेक्शन हवंय ते जुन्या कंबरदुखीसाठी. बाकीचे डॉक्टर "न्यूरॉलॉजीचं क्लिअरन्स आणा" म्हणून चिठ्ठी देतात. तुम्हाला चिठ्ठी देऊन सुटता येणार नाही. अशा वेळी इंजेक्शन पुढं ढकला, औषध चालू ठेवून करता येईल असं काही शोधा, आणि पेशंटला कारण समजावून सांगा.

ओपिऑइड

लिहून द्यायचेच नाहीत, असा नियम करणारी क्लिनिकं वाढली आहेत. मला तो पळपुटेपणा वाटतो. सीडीसी या अमेरिकी आरोग्य संस्थेनं २०१६ च्या सूचना २०२२ मध्ये बदलल्या, त्याचं एक कारण हेच की डोसचे आकडे कायद्यासारखे वापरून लोकांच्या गोळ्या एकाएकी तोडल्या गेल्या. डोस कमी करायचा तर सावकाश, पेशंटला सोबत घेऊन. ब्युप्रेनॉर्फिन (ओपिऑइडची सवय सोडवायलाही वापरतात ते औषध) लिहायला शिका. त्यासाठीचा वेगळा परवाना डिसेंबर २०२२ च्या अखेरीस रद्दच झाला.

व्हिसा

जे-१ या प्रशिक्षणाच्या व्हिसावर वैद्यकीय प्रशिक्षणासाठी साधारण सात वर्षं मिळतात, तुम्हाला पाच पुरतात. फेलोशिपसाठी भारताच्या आरोग्य मंत्रालयाचं स्टेटमेंट ऑफ नीड (देशाला अशा तज्ज्ञाची गरज असल्याचं पत्र) नव्यानं लागतं, त्याला वेळ लागतो, म्हणून मॅच झाल्या आठवड्यातच अर्ज करा. नंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याच्या अटीतून सूट हवी तर बहुतेकांची वाट कॉनरॅड ३०. प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा, डॉक्टर कमी असलेल्या भागाची तीन वर्षं सेवा. पुष्कळ राज्यं आधी प्रायमरी केअरला जागा देतात, आणि नुसत्या पेनच्या नोकरीची गरज पटवून देणं कठीण जातं. न्यूरॉलॉजिस्टची टंचाई मात्र ग्रामीण अमेरिकेत सगळ्यांना माहीत आहे. न्यूरॉलॉजी आणि पेन असं मिश्र पद मागितलंत, तर हा अर्ज बराच मजबूत होतो. न्यूरॉलॉजी न सोडण्याचं हे एक अगदी व्यवहारी कारण. एच-१बी वाल्यांनी सहा वर्षांची मर्यादा मोजावी आणि विद्यापीठातून खासगी प्रॅक्टिसमध्ये जाताना लॉटरी आडवी येते हे विसरू नये. नियम बदलत असतात. इमिग्रेशनचा वकील फेलोशिपच्या आधी गाठा.

परत जायचा विचार असेल, तर पदवीच्या नोंदणीचं नॅशनल मेडिकल कमिशनकडून आधी लेखी करून घ्या. महाराष्ट्रात पेन क्लिनिकं मुख्यतः भूलतज्ज्ञ चालवतात, आणि नागिणीनंतरचं दुखणं, ट्रायजेमिनल, मधुमेही न्यूरोपथी यांच्या रुग्णांना तोटा नाही. स्टिम्युलेटरची किंमत तिथल्या बहुतेकांना परवडत नाही, पण ब्लॉक आणि रेडिओफ्रिक्वेन्सीवर पुष्कळ काम होतं. मॉर्फिनच्या परवान्यांची गुंतागुंत २०१४ च्या एनडीपीएस (अमली पदार्थ कायदा) दुरुस्तीनं कमी केली आहे.

नोकरीचा करार

नोकऱ्या ढोबळमानानं तीन प्रकारच्या. ऑर्थोपेडिक किंवा स्पाइन ग्रुपमधली, जिथं पैसा जास्त आणि इंजेक्शनची अपेक्षाही तितकीच. विद्यापीठातली, पगार कमी पण न्यूरॉलॉजी आणि पेन दोन्हींकडे नाव. तिसरी, मध्यम शहरातल्या रुग्णालयाची, जिथं त्यांना न्यूरॉलॉजिस्ट हवा असतो आणि पेन ही वरची भर. आपल्या मुलांना मी तिसरी सुचवतो, पण करार वाचून.

पेनचे दिवस आणि न्यूरॉलॉजीचे दिवस करारात आकड्यानं लिहून घ्या. "गरजेप्रमाणे" हा शब्द दिसला तर बदलून घ्या, नाहीतर वर्षभरात पूर्ण वेळ ओपीडी गळ्यात पडते. स्ट्रोक कॉल किती रात्री, आणि कॉलनंतरच्या सकाळी प्रोसीजर ठेवायच्या नाहीत, हे स्पष्ट हवं. सी-आर्म कुणाचा, टेक्निशियन कोण, आठवड्यात खोली किती तास मिळणार ते विचारा. उत्पन्न आरव्हीयूवर (कामाच्या मोजमापाच्या एककांवर) असेल, तर ईएमजी, बोटॉक्स आणि नव्या पेशंटची सविस्तर तपासणी धरून हिशेब मांडायला लावा. फक्त प्रोसीजरवर बोनस ठेवला तर हात आपोआप सुईकडे जातो. मालप्रॅक्टिस विम्यात इंटरव्हेन्शनल पेन स्पष्ट नमूद आहे का आणि नोकरी सोडल्यावरचं टेल कव्हर (आधीच्या कामाबद्दलच्या दाव्यांचा विमा) कोण भरणार, हेही सहीआधी बघा. पहिल्या वर्षी ईएमजीचा अर्धा दिवस मागून घ्या, आणि तो स्वतःच्याच पेशंटसाठी राखून ठेवा.